डॉक्टर म्हणजे शिक्षक

‘डॉक्टर’ हा शब्द कानीं पडतांच आपल्या डोळ्यांपुढें कोण उभा राहतो? गळ्यांत स्टेथॉस्कोप अडकविलेला, हातांत सुई घेतलेला वैद्य. लहान मुलें तर हें नांव ऐकूनच आईच्या पदराआड लपतात. मोठीं माणसें लपत नाहींत इतकेंच. त्यांचा समज फारसा निराळा नसतो. वैद्यकाशीं ज्याचा सुतराम संबंध नाहीं असा एखादा इतिहासाचा किंवा गणिताचा अभ्यासक आपल्या नांवाआधीं ‘डॉ.’ लावूं लागला, कीं शेजारचे आजोबा त्याजकडे गुडघेदुखीवर औषध विचारावयास येतात. ‘मी तसला डॉक्टर नव्हें’ असें तो सांगतो, आणि आजोबा ‘मग कसला?’ असें मनांत म्हणत परत जातात.

आजोबांचा प्रश्न रास्त आहे, आणि त्याचें उत्तर असें कीं, मूळच्या अर्थानें पाहिल्यास हा ‘तसला नव्हे तो’ डॉक्टरच खरा डॉक्टर होय. लॅटिन भाषेंत ‘दोकेरे’ म्हणजे शिकविणें. त्यावरून ‘दोक्तोर’ म्हणजे शिकविणारा. आपल्या वर्गांत रोज फळ्यापुढें उभे राहणारे जे मास्तर व बाई, त्यांचेंच हें नांव. आपल्या भाषेंत या पदवीस ‘विद्यावाचस्पति’ असा शब्द योजलेला आहे. वाचस्पति म्हणजे वाणीचा स्वामी; देवांचा गुरु जो बृहस्पति त्याचेंहि तें एक नांव आहे. ज्यानें हा शब्द निवडला त्यानें मूळ अर्थ बरोबर हेरला, असें म्हणावयास हरकत नाहीं.

विद्यार्थिमित्रहो, मला या लेखांत एवढेंच सांगावयाचें आहे कीं, विद्येंतील ही जी सर्वोच्च पदवी, तिचें मर्म शिकविण्यांत आहे. आणि तें मर्म आपण, विशेषतः आम्ही पालक मंडळी, विसरून बसलों आहों. हें मत कशावरून बनलें तें समजण्यासाठीं आपणांस सुमारें आठशें वर्षें मागें, यूरोपांत जावें लागेल.

यूरोपांतील जुन्या विद्यापीठांत इटलींतील बोलोन्या व फ्रान्समधील पॅरिस यांचीं नांवें प्रथम येतात. बोलोन्याचा जन्म परंपरेनें इ. स. १०८८ मध्यें मानितात. पॅरिसचें विद्यापीठ बाराव्या शतकाच्या उत्तरार्धांत आकारास आलें. ‘युनिव्हर्सिटी’ या शब्दाचा मूळ अर्थ इमारत किंवा ग्रंथालय असा मुळींच नाहीं. तो ‘संघ’ असा आहे. त्या काळीं विणकरांचे, सोनारांचे, सुतारांचे जसे संघ असत, तसाच शिकविणाऱ्यांचा किंवा शिकणाऱ्यांचा हा संघ. सुताराच्या हाताखालीं मुलगा प्रथम उमेदवारी करी, मग कारागीर होई, आणि पुढें आपलें कसब सिद्ध करून स्वतःचें दुकान घालण्याइतका उस्ताद होई. विद्येच्या धंद्यांतहि तोच क्रम होता. ‘बॅचलर’ हा उमेदवार. तो गुरूच्या देखरेखीखालीं थोडेंबहुत शिकवी. ‘मास्टर’, ‘डॉक्टर’ आणि ‘प्रोफेसर’ हे तिन्ही शब्द त्या काळीं जवळजवळ एकाच अर्थाचे होते, व तो अर्थ ‘ज्यास आतां स्वतंत्रपणें शिकवितां येईल असा माणूस’ हा होय. आज आपण या तीन शब्दांच्या तीन पायऱ्या केल्या आहेत.

शिकविण्यास परवाना लागे, आणि तो देण्याचा अधिकार पॅरिससारख्या ठिकाणीं कॅथीड्रलच्या चॅन्सेलरकडे असे. (आपल्या राज्यांतील विद्यापीठांचे कुलपति, म्हणजे राज्यपाल, यांस इंग्रजींत आजहि चॅन्सेलरच म्हणतात.) अधिकार आला कीं लोभहि येतो. कांहीं ठिकाणीं परवान्यासाठीं पैसे उकळले जाऊं लागले. तेव्हां इ. स. ११७९ मध्यें रोम येथें भरलेल्या तिसऱ्या लॅटेरन परिषदेनें नियम केला कीं, शिकविण्याच्या परवान्याबद्दल कोणींहि कांहींएक घेऊं नये, आणि जो लायक असून परवाना मागत आहे त्यास तो नाकारूं नये. त्याच नियमांत अशीहि तजवीज होती कीं, प्रत्येक कॅथीड्रलनें एका शिक्षकाच्या निर्वाहाची सोय करावी, म्हणजे गरीब मुलांस विनामूल्य शिकतां येईल. ज्या पदवीसाठीं आज कित्येक घरें कर्जांत बुडतात तिच्या उगमाशीं ‘फुकट द्यावें’ असा नियम आहे, हें पालकांनीं एकदां तरी ध्यानांत घ्यावें.

पुढें इ. स. १२१५ मध्यें पॅरिससाठीं पोपचा प्रतिनिधि रॉबर्ट द कूर्सों यानें जे नियम घालून दिले ते तर फारच बोलके आहेत. भाषा, तर्क, गणित इत्यादि विषय शिकवूं इच्छिणाऱ्याचें वय निदान २१ असावें; त्यानें निदान सहा वर्षें अध्ययन केलेलें असावें; आणि आपण निदान दोन वर्षें शिकवूं असें त्यानें वचन द्यावें! धर्मशास्त्र शिकविणाऱ्यास तर ३५ वर्षांची अट होती. म्हणजे पदवी घेतली व घरीं जाऊन भिंतीवर टांगली, असा प्रकार तेथें चालण्यासारखा नव्हता. पदवी मिळविणें याचा अर्थच दुसऱ्यास शिकविण्याचें ऋण अंगावर घेणें असा होता.

बोलोन्यास गंमत निराळी होती. तेथें संघ विद्यार्थ्यांचा होता. दूरदूरच्या देशांतून कायदा शिकावयास आलेले हे तरुण वयानें बरेच मोठे असत, व शिकविणाऱ्या डॉक्टरांस त्यांचे नियम पाळावे लागत. व्याख्यानास उशीर केला कीं गुरुजींस दंड! (हा भाग आमच्या विद्यार्थ्यांनीं मोठ्यानें वाचूं नये, अशी विनंती आहे.) तथापि नवा डॉक्टर कोणास करावयाचें हें ठरविण्याचा अधिकार जुन्या डॉक्टरांच्या मंडळानें आपल्या हातीं ठेविला होता, व इ. स. १२१९ पासून त्यावर तेथील आर्चडीकनची संमति लागूं लागली.

परीक्षा दोन प्रकारची असे. पहिली खाजगी. सकाळीं उमेदवारास कायद्याच्या ग्रंथांतील उतारे नेमून देत, आणि त्याच दिवशीं पुढें डॉक्टरांच्या मंडळापुढें त्यास त्यांचें विवरण करावें लागे. खरी कसोटी हीच. दुसरी परीक्षा जाहीर, कॅथीड्रलमध्यें, सर्व गांवासमक्ष. तेथें उमेदवार भाषण करी, कायद्यांतील एखादा मुद्दा मांडी, आणि त्यावर आक्षेप कोण घेत? विद्यार्थी! ज्यांस उद्यां शिकवावयाचें त्यांच्याच प्रश्नांस तोंड देऊन तो उत्तीर्ण होई. मग त्यास गुरूच्या उंच आसनावर बसवीत, हातीं उघडा ग्रंथ देत, बोटांत अंगठी घालीत, मस्तकावर टोपी ठेवीत, आणि जुना गुरु त्यास आलिंगन देई. त्यानंतर वाजतगाजत त्याची गांवांतून मिरवणूक निघे. आसन, ग्रंथ, टोपी हीं सारीं शिक्षकाचीं चिन्हें आहेत. पदवीदानाच्या दिवशीं आपल्याकडे जे झगे व टोप्या भाड्यानें आणून छायाचित्रें काढतात, त्यांचें मूळ अशाच समारंभांत आहे.

मग वैद्यास हें नांव कसें चिकटलें? त्याचें कारण सरळ आहे. त्या विद्यापीठांत धर्मशास्त्र, कायदा व वैद्यक हीं तीन वरिष्ठ शास्त्रें गणलीं जात, व तिन्हींचे डॉक्टर असत. धर्मशास्त्री व कायदेपंडित यांची गांठ सामान्य माणसास क्वचित् पडे. वैद्याची वारंवार पडे. तेव्हां लोकांच्या तोंडीं तेवढाच डॉक्टर उरला. इंग्लंडांत शस्त्रवैद्यास आजहि ‘मिस्टर’ म्हणण्याची चाल आहे, कारण तो विद्यापीठांतून नव्हे तर उमेदवारीच्या मार्गानें येई. लंडनांत १७४५ पर्यंत न्हावी व शस्त्रवैद्य यांचा संघ एकच होता. आणि आपल्याकडील एम्. बी. बी. एस्. यांतील दोन्ही ‘बी’ बॅचलरचे आहेत. हें सांगून मला कोणा वैद्याचा मान कमी करावयाचा नाहीं. माझी प्रकृति त्यांच्याच हातीं आहे.

पदवीचा खरा गाभा शिकविण्याचा हक्क हाच होता, याचा पुरावा पाहावयाचा असेल तर तो हक्क कोणास नाकारला गेला तें पाहावें. व्हेनिसच्या एलेना कोर्नारो पिस्कोपिया या विदुषीनें पादुआ विद्यापीठाकडे धर्मशास्त्राची डॉक्टर ही पदवी मागितली. बिशपनें हरकत घेतली. स्त्रीनें धर्मशास्त्र शिकवावें हें त्यास मान्य होईना. अखेर तडजोड होऊन ता. २५ जून १६७८ रोजीं तिला तत्त्वज्ञानाची डॉक्टर ही पदवी मिळाली. श्रोत्यांची दाटी इतकी झाली कीं समारंभ विद्यापीठांतून हलवून कॅथीड्रलमध्यें करावा लागला. पुढें १७३२ मध्यें बोलोन्यास लॉरा बास्सी हिला पदवी मिळाली व अध्यापकाचें पदहि मिळालें. परंतु जाहीर व्याख्यानें तिनें विशेष प्रसंगींच द्यावीं असें बंधन घातलें. या बाईनें काय करावें? तिनें आपल्या घरींच पदार्थविज्ञानाचे वर्ग चालविले. टोपी देणाऱ्यांनीं आसन देण्यास कांकूं केली, तर तिनें आसन स्वतःच्या घरांत मांडलें. माझ्या मतें या साऱ्या इतिहासांत तिच्याइतका खरा डॉक्टर दुसरा झाला नाहीं.

मधल्या काळांत पदवीस कीड लागलीच. कित्येक ठिकाणीं प्रबंध गुरूनेंच लिहावा व शिष्यानें त्याचें तोंडीं समर्थन करावें अशी पद्धति होती. स्वीडनमधील अप्साला येथें वनस्पतिशास्त्रज्ञ लिनीअस याच्या अध्यक्षतेखालीं मांडले गेलेले असे १८६ प्रबंध आहेत, आणि त्यांतील बहुतेकांचा मजकूर त्याचाच आहे. त्या काळीं यांत चोरी नव्हती, कारण परीक्षा लेखणीची नसून वादाची होती. परंतु पुढें कांहीं जर्मन विद्यापीठें उमेदवार समोर न येतांच केवळ शुल्क घेऊन पदव्या देऊं लागलीं, तेव्हां वादहि गेला व विद्याहि गेली. रोमच्या इतिहासाचा थोर पंडित थिओडोर मॉम्सेन यानें १८७६ मध्यें या खोट्या डॉक्टरांवर जाहीर हल्ला चढविला.

त्याच जर्मनींत या पदवीस नवा जन्महि मिळाला, हें सांगितलेंच पाहिजे. १८१० मध्यें बर्लिनचें विद्यापीठ स्थापन झालें. विल्हेल्म फॉन हुम्बोल्ट हा त्याचा प्रवर्तक. शिकविणें व शोधणें हीं दोन निराळीं कामें नव्हेत, असा त्याचा विचार होता. गुरु व शिष्य एका मेजाभोंवतीं बसून मूळ कागदपत्रें, मूळ प्रयोग तपासूं लागले. पूर्वींचा डॉक्टर असलेली विद्या पुढें देई. आतां त्यानें तींत आपली एक मूठ घालून मग ती पुढें द्यावी, अशी अपेक्षा झाली. आज जिला आपण पीएच्. डी. म्हणतों ती हीच. हिच्या नांवांतील ‘फिलॉसफी’ म्हणजे एकटें तत्त्वज्ञान नव्हे. ग्रीक भाषेंत त्याचा अर्थ ‘ज्ञानाची आवड’. अमेरिकेंत येल येथें १८६१ मध्यें ही पदवी प्रथम दिली गेली. इंग्रज मात्र फार काळ नाक मुरडून होते. ऑक्सफर्डनें ती १९१७ मध्यें स्वीकारली, तीहि जर्मनीकडे जाणारे अमेरिकन विद्यार्थी आपल्याकडे यावेत हा हेतु धरून.

आणि लगेच दुसरा रोग जडला. पदवी ही नोकरीचें तिकीट बनली. अमेरिकेंतील मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यानें १९०३ मध्यें एका लेखांत पीएच्. डी. ला अष्टपाद सागरी प्राण्याची उपमा दिली आहे. साहित्य उत्तम शिकविणारा एक माणूस केवळ ही तीन अक्षरें नाहींत म्हणून कसा अडविला गेला, त्याची हकीकत तेथें आहे. आपल्याकडेहि तीच ओढाताण चालू आहे. विद्यापीठ अनुदान आयोगानें २०१८ मध्यें ठरविलें कीं, विद्यापीठांत सहायक प्राध्यापक होण्यास जुलै २०२१ पासून पीएच्. डी. सक्तीची. मग ती मुदत लांबली, आणि २०२३ मध्यें ‘नेट’ किंवा ‘सेट’ पुरे, असा नियम झाला. मला हा बदल योग्य वाटतो. ज्यास शोधाची तहान नाहीं त्यास सक्तीनें विहीर खणावयास लाविलें तर तो दुसऱ्याच्या विहिरींतून घागर भरून आणणारच. अशा घागरी किती भरल्या जातात हें ओळखूनच आयोगास २०१८ मध्यें वाङ्मयचौर्याविरुद्ध नियमावली करावी लागली. तींत १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याबद्दल दंड नाहीं, आणि ६० टक्क्यांहून अधिक साम्य आढळल्यास उमेदवाराची नोंदणीच रद्द. जर्मनींत तर २०११ मध्यें संरक्षणमंत्री गुटेनबर्ग यांस व २०१३ मध्यें शिक्षणमंत्री शावान यांस, विद्यापीठांनीं त्यांची डॉक्टर पदवी काढून घेतल्यावर मंत्रिपद सोडावें लागलें.

परंतु चोरांच्या कथा सांगत बसलों तर सज्जनांवर अन्याय होईल. कमलाबाई सोहोनी यांचें उदाहरण पाहा. १९३३ मध्यें मुंबई विद्यापीठाच्या बी. एस्‌सी. परीक्षेंत पहिल्या येऊनहि, त्या स्त्री आहेत एवढ्याच कारणावरून बंगळूरच्या विज्ञानसंस्थेंत सर चं. वें. रामन यांनीं त्यांस प्रवेश नाकारला. त्या हटल्या नाहींत. अटी पत्करून त्यांनीं प्रवेश मिळविला, आणि १९३९ मध्यें केंब्रिजच्या पीएच्. डी. झाल्या. वनस्पतींच्या पेशींतहि श्वसनास लागणारें ‘सायटोक्रोम सी’ हें द्रव्य असतें, असें त्यांनीं बटाट्यावर काम करून दाखविलें. त्यांचा प्रबंध अवघा ४० पानांचा होता! जाडजूड बांधणीच्या ग्रंथांवरून विद्वत्ता मोजणाऱ्यांनीं हा आंकडा लिहून ठेवावा. पुढें त्यांनीं मुंबईस विज्ञानसंस्थेंत अध्यापन केलें व त्या संस्थेच्या संचालक झाल्या.

‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर’ हें नांव आपण सर्व अभिमानानें उच्चारतों. त्यांतील ‘डॉ.’ कशाबद्दल, हें आपल्यापैकीं कितीजणांस सांगतां येईल? कोलंबिया विद्यापीठासाठीं त्यांनीं ब्रिटिश हिंदुस्थानांतील प्रांतांच्या जमाखर्चाची घडण कशी झाली याचा शोध घेतला, आणि लंडन विद्यापीठासाठीं १९२३ मध्यें रुपयाच्या मूल्याचा प्रश्न. हा प्रबंध कपाटांत राहिला नाहीं. चलनाच्या चौकशीसाठीं हिल्टन यंग कमिशन नेमलें गेलें, तेव्हां त्यापुढें त्यांनीं या विषयावर साक्ष दिली. पदवीचें नांव पाठ आणि विषय अज्ञात, अशी जी आपली स्थिति, तीच माझी मुख्य तक्रार आहे.

उलट पक्षीं, देवळालीच्या शाळेंत १९३० पासून १९६२ पर्यंत गणित शिकविणारे द. रा. कापरेकर यांजपाशीं बी. एस्‌सी. पलीकडे पदवी नव्हती. मुलांनो, कोणतीहि चार अंकी संख्या घ्या. चारी अंक सारखे मात्र नकोत. समजा ३५२४. तिचे अंक उतरत्या क्रमानें मांडा, ५४३२. चढत्या क्रमानें मांडा, २३४५. वजा करा, ३०८७ आले. पुन्हा तेंच करा: ८७३० वजा ०३७८, उत्तर ८३५२. पुन्हा करा: ८५३२ वजा २३५८, उत्तर ६१७४. आतां पुढें कितीहि वेळां करा, ६१७४ च येईल. आणि दुसऱ्या कोणत्याहि संख्येपासून निघालां तरी फार तर सात पायऱ्यांत तेथेंच येऊन पोंचाल. हें गमक त्यांनीं १९४९ मध्यें शोधिलें, व आज जगभर त्या संख्येस ‘कापरेकर स्थिरांक’ म्हणतात. शोधिलें, आणि आठवीच्या मुलास समजेल अशा रीतीनें मांडलें. पॅरिसच्या त्या जुन्या नियमकर्त्यानें यांस परवाना देतांना क्षणभरहि विचार केला नसता.

पदवी घेऊंच नये असें मी म्हणत नाहीं. ज्यास खरोखर कांहीं शोधावयाचें आहे त्यानें ती अवश्य घ्यावी. पांच-सात वर्षें एका प्रश्नाशीं प्रामाणिकपणें झुंजणें ही थोडीथोडकी तपश्चर्या नव्हे. माझें म्हणणें पालकांस आहे. मुलगी डॉक्टर झाली म्हणून पेढे वाटतांना, ‘बाळ, तुला नवें काय सांपडलें तें मला समजेल असें सांग,’ एवढें तिला विचारावें. तिला सांगतां आलें नाहीं तर तिची परीक्षा अजून पुरी झालेली नाहीं. आणि विद्यापीठांतील मौखिक परीक्षेस आज बहुधा प्राध्यापक, संशोधक व तज्ज्ञ हेच श्रोते असतात. तेथें जवळच्या शाळेंतील चार शिक्षक व दहा मुलें बसवावीं, व बोलोन्याप्रमाणें त्यांसहि एकदोन प्रश्न विचारूं द्यावे.

आमच्या या वार्षिकांत माजी विद्यार्थ्यांच्या यशाची यादी येते. अमुक पीएच्. डी. झाले, तमुक पीएच्. डी. झाल्या, एवढेंच तींत असतें. माझी संपादकांस सूचना आहे कीं, पुढील वर्षापासून प्रत्येक नांवाखालीं त्यांच्या शोधाचा विषय एका ओळींत, शुद्ध सोप्या मराठींत छापावा, आणि ती ओळ त्या माजी विद्यार्थ्यानेंच लिहून द्यावी. शिवाय त्यानें शाळेंत येऊन नववीच्या वर्गावर एक तास घ्यावा. जागा अपुरी पडल्यास माझ्या पुढील लेखास कात्री लावावी. माझी तक्रार राहणार नाहीं.